डोंगराचे दोन फोटो

सासूला सोबत घेऊन खनिजं शोधायला निघालेली बाई उत्तरा गावंडेच्या आधी कुणी झाली असेल, असं वाटत नाही. कंपनीतल्या लोकांना सुरुवातीला ती थट्टाच वाटली. ट्रकमध्ये शोधयंत्रांच्या पेट्या होत्या, सौरपट्ट्या होत्या, तंबू होते, आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन अकोटच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका शकुंतलाबाई गावंडे बसल्या होत्या.

त्याचं असं झालं होतं, की उत्तराचे सासरे हिवाळ्यात गेले. नवरा, प्रसन्न, तमिळनाडूच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांवर इंजिनियर होता. तो महिना-दोन महिन्यांनी चार दिवस घरी यायचा. आणि उत्तराला नेमकं तेव्हाच गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, निबिड जंगलात, चार महिन्यांसाठी जायचं होतं.

"मग मी इथं काय भिंतींशी बोलू?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी येते."

"आई, तिथं वीज नाही. फोन लागत नाही. दुकान म्हणाल तर तीन तासांवर."

"मग तर तुला माणूस लागेलच. पाकिटातले नूडल्स खाऊन चार महिने काढणार आहेस काय?"

उत्तराने प्रसन्नला फोन केला. तो खूप हसला आणि म्हणाला, "तू तिला नाही म्हणून दाखव. मला जन्मात जमलेलं नाही."

तिलाही जमलं नाही.

इरपागुंडा हे गाव म्हणजे मोहाच्या झाडांत विखुरलेली साठ-सत्तर घरं. गावामागे एक लांबट, बुटका, साग आणि बांबूने गच्च भरलेला डोंगर. त्याला नाव नव्हतं. माडिया लोक त्याला नुसतं 'मेट्टा' म्हणत, म्हणजे डोंगर. आजूबाजूला मैलोन्मैल दुसरा डोंगर नसल्यामुळे वेगळ्या नावाची गरजच पडली नसावी.

या डोंगरावर नजर गेली ती उपग्रहाची. तो काळ बॅटऱ्यांचा होता. ट्रक, ट्रॅक्टर, बोटी, गिरण्या, सगळं बॅटरीवर धावू लागलं होतं आणि साऱ्या देशाला निकेल आणि कोबाल्टची भूक लागली होती. वरून फिरणाऱ्या उपग्रहाला मेट्ट्यावर गुरुत्वाकर्षण किंचित जास्त जाणवलं. खाली काहीतरी जड होतं. ते काय, किती आणि किती खोल, हे मात्र कुणीतरी जाऊनच बघायला हवं होतं. पूर्वी यासाठी जंगलातून रस्ते फाडले असते, बोअरची अजस्र यंत्रं आणून डोंगराची चाळण केली असती. पण म्यूऑन नावाचे कण मोजणाऱ्या पट्ट्या आल्या आणि तो प्रकार थांबला. डोंगराच्या पायथ्याशी मनगटाएवढी जाड, तिरपी सात-आठ भोकं पाडायची, त्यांत पट्ट्या सरकवायच्या आणि वाट बघायची.

"कशाची वाट?" शकुंतलाबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. त्या पट्टीच्या पेटीवर बसून मेथी निवडत होत्या.

उत्तराने कामाचे मोजे काढले आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. "हा तळवा असा उघडा धरा. आता दर सेकंदाला एक कण तुमच्या हातातून आरपार जातोय."

"मले तर काही वाटत नाही बाप्पा."

"कुणालाच वाटत नाही. अंतराळातून आलेले कण वरच्या हवेवर आदळतात. त्या टकरीतून म्यूऑन जन्मतात. इलेक्ट्रॉनचे थोरले भाऊ म्हणा, पण दोनशे पट जड. आयुष्य इतकं थोडं, की एका सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले दोन. खरं तर तेवढ्यात ते जमिनीपर्यंत पोचायलाही नकोत. पण ते इतक्या वेगाने धावतात, की आपल्या हिशेबाने त्यांचा काळच संथ होतो."

"म्हणजे धावपळ करणारे जास्त जगतात. हे ह्यांना सांगायला पाहिजे होतं," शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि निवडून झालेली काडी पुन्हा एकदा निवडली. मग म्हणाल्या, "पुढे?"

"ते कण खडकातूनही आरपार जातात. पण सगळे नाही. खडक जितका जड, तितके जास्त अडकतात. वर जड धातूचा दगड असला तर खाली कमी पोचतात, तिथं सावली पडते. पोकळ असलं तर जास्त पोचतात, तिथं उजेड. आपल्या पट्ट्या डोंगराच्या पोटाखालून वर बघत एकेक कण मोजत बसणार. डोंगरातून फार थोडे कण खाली येतात, म्हणून फोटो निघायला दोन-अडीच महिने लागतात."

"जुन्या फोटोवाल्यासारखं. हलू नका म्हणायचा आणि तासभर बसवून ठेवायचा." त्यांनी मेट्ट्याकडे बघितलं. "हा काही हलणार नाही."

त्यांचं हे बोलणं मागे उभी असलेली एक बाई ऐकत होती. काळीसावळी, काटक, केसांत लाकडी फणी खोवलेली. ही रासो वड्डे, इरपागुंड्याची सरपंच. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली, स्वच्छ मराठी बोलणारी. आल्या दिवसापासून तिने पथकाला लागेल ती मदत केली होती, पण हसली एकदाही नव्हती.

"फोटो निघाल्यावर आम्हाला दाखवणार?" तिने विचारलं.

उत्तरा अडखळली. कायद्याप्रमाणे अहवालाचा सारांश ग्रामसभेपुढे ठेवायचाच होता. पण सारांशात काय घालायचं ते कंपनी ठरवायची. ती काही बोलायच्या आत शकुंतलाबाई म्हणाल्या, "न दाखवायला काय झालं? जे दिसेल ते सगळं दाखवेल. माझी सून आहे ती."

रासोने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "सासू-सून?" तिने विचारलं, आणि पहिल्यांदा हसली.

उन्हाळा चढत गेला तसा शकुंतलाबाईंचा मुक्काम तंबूतून गावात सरकू लागला. सकाळी त्या साडीखाली बूट घालून निघायच्या ते बायकांबरोबर मोहफुलं वेचून ऊन तापल्यावर परतायच्या. येताना नवे शब्द आणायच्या. 'येर' म्हणजे पाणी. 'गाटो' म्हणजे जेवण. गावातल्या मुलींना त्या अपूर्णांक शिकवू लागल्या. एक मोहाचा लाडू पाच जणींत वाटायचा तर तीन-पंचमांश कुणाकुणाला, यावरून अंगणात रोज वादावादी व्हायची. एकदा उत्तरा भोकांवरून दमून परतली तर तंबूत सासूबाई नाहीत, चूल थंड, आणि ताटलीखाली भात झाकून ठेवलेला. तिला क्षणभर राग आला आणि लगेच हसूही. अकोटच्या घरात सासरे गेल्यानंतर दिवसभर खिडकीशी बसून राहणारी बाई ती हीच का, असं तिला वाटलं.

पहिला फोटो मेच्या शेवटी पुरा झाला.

उत्तराने तो पडद्यावर उघडला आणि पेटी पुढे ओढून जवळ बसली. डोंगराच्या पोटात, मधोमध, एक काळीकुट्ट सावली होती. कडा वर वळलेल्या, बूड रुंद. एका भोकाने त्या सावलीची कड जिथं गाठली होती, तिथल्या दगडात निकेल आणि कोबाल्ट भरपूर निघालं होतंच. आता आकार कळला. एवढा मोठा साठा तिने पुस्तकात सोडून कुठं बघितला नव्हता.

उपग्रह-फोनवरून तिने नागपूरला तिचे वरिष्ठ ताम्हाणे यांना सांगितलं. ताम्हाणे सहसा आवाज चढवत नसत. त्या दिवशी ओरडले. "उत्तरा! जिंकलीस बघ तू. गुंडाळ सगळं, पावसाच्या आत बाहेर पड. आणि चेन्नईची जागा तुझी. मी आजच बोलतो."

चेन्नईची जागा म्हणजे प्रसन्नपासून तासाभराच्या अंतरावरचं घर. त्या जागेसाठी उत्तराने दोन वर्षं अर्ज केले होते.

फोन ठेवून ती पुन्हा पडद्यासमोर बसली. आणि बसूनच राहिली.

"काऊन व?" शकुंतलाबाई चहा घेऊन आल्या. "चांगली बातमी म्हणतेस आणि चेहरा असा, जसा काही शेवटच्या पायरीवर हातचा चुकला."

"हे बघा." उत्तराने काळ्या सावलीच्या वर बोट ठेवलं. तिथं फिक्या धाग्यांची एक जाळी होती, दिसेल न दिसेल अशी. "हा भाग आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका आहे. कदाचित भेगा असतील. कदाचित काहीच नसेल, मोजणीतली नुसती खरखर असेल."

"भेगांत काय असतं?"

"हवा. नाहीतर पाणी."

शकुंतलाबाईंनी कप खाली ठेवला. मेट्ट्याच्या पायथ्याशी एक झरा होता. मेमध्ये सगळे नाले कोरडे पडलेले असताना त्या झऱ्यावर चार गावांच्या बायका घागरी घेऊन यायच्या. गेले दोन महिने शकुंतलाबाईही रोज त्या बायकांत जाऊन बसत होत्या.

"ते पाणी इथून येतं काय?"

"या एका फोटोवरून सांगता येत नाही. पावसाळा संपता संपता दुसरा फोटो घेतला आणि त्यातून हा वजा केला, तर जेवढं उरेल ते पाणी. खडक तर बदलणार नाही. बदलेल ते पाणीच."

"वजाबाकी," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"हो. पण त्यासाठी पावसाळाभर इथं राहावं लागेल. आणि कंपनीने पाणी विचारलेलंच नाही. धातू विचारलाय, तो मिळाला."

सासूबाईंनी कप तिच्यापुढे सरकवला. चहा गार होईपर्यंत उत्तरा वाट बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "तुम्ही काही सांगत का नाही?"

"मी सांगणार नाही. प्रसन्न माझा मुलगा आहे, तुझा नवरा आहे. दोन वर्षं तो तुझी वाट बघतोय. मी 'राहा' म्हटलं तर माझ्यातली आई खोटी पडेल, आणि 'जा' म्हटलं तर रोज झऱ्यावर बसणारी बाई. तुझं तू ठरव."

उत्तराने संध्याकाळी प्रसन्नला फोन लावला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मागून समुद्राचा आवाज येत होता.

"मी इथं दोन खोल्यांचं घर बघून ठेवलंय," तो म्हणाला. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो. ते जाईल आता." जरा थांबून म्हणाला, "चिडलोय मी. पण तू परत आलीस आणि चार वर्षांनी तो झरा आटल्याचं कुठून कळलं, तर तू मला त्या खिडकीतून समुद्र बघू देणार नाहीस. मी ओळखतो तुला. राहा."

ताम्हाण्यांनी रजा बिनपगारी केली. यंत्रं मात्र राहू दिली. "परत आणायलाच खर्च आहे," एवढंच म्हणाले, पण चेन्नईच्या जागेवर दुसऱ्याचं नाव गेलं. पथकातले बाकीचे लोक जीपने निघून गेले. दोघी सासू-सुना तंबू उतरवून रासोच्या घराशेजारच्या खोलीत राहायला गेल्या.

जुलैत नदीला पूर आला आणि इरपागुंडा बाकीच्या जगापासून तुटलं. तसं ते दरवर्षीच तुटायचं. गावाने धान्य, मीठ, औषधं भरून ठेवली होती. पट्ट्या डोंगराखाली मुकाट कण मोजत होत्या. सगळं ठीक चाललं होतं, आणि एका दुपारी शकुंतलाबाईंना हुडहुडी भरली.

गावातल्या आशाताईने बोटातून रक्ताचा थेंब काढून तपासला. हिवताप, तोही वाईट जातीचा. गोळ्या लगेच सुरू झाल्या. पण शकुंतलाबाईंना साखरेचा विकार होता; त्याच्या गोळ्या चालू होत्या आणि तापात पोटात काही ठरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुणाला ओळखेनात. 'नऊ चोक? नऊ चोक सांग,' असं काहीतरी पुटपुटत होत्या आणि घामाने निथळत होत्या. आशाताईने साखर मोजली आणि तिचा चेहरा उतरला. "फार खाली गेलीय. सलाइन लावायला पाहिजे. आरोग्यकेंद्र नाल्यापलीकडे आहे."

नाला दुथडी भरून वाहत होता. औषधं आणणारं ड्रोन त्या पावसात उडणं शक्य नव्हतं.

उत्तराने सासूबाईंच्या गालात गुळाचं पाणी सोडलं. "माझ्यामुळे. मी आणलं त्यांना इथं. मीच थांबवलं."

"ताई, रडणं नंतर," रासो म्हणाली. तिने दारात जाऊन हाक मारली. बघता बघता आठ-दहा माणसं जमली. बाज उलटी करून तिला बांबू बांधले, वर मेणकापड टाकलं. "नाल्याने नाही जायचं. मेट्ट्यावरून जाऊ. वळसा आहे, पण पाणी लागत नाही."

त्या चढणीची उत्तराला पुढे तुकड्यातुकड्यांनीच आठवण राहिली. निसरडे दगड, बांबूंतून कोसळणारं पाणी, खांदेकऱ्यांचे धपापते श्वास. खांदा बदलायच्या वेळी बाज जराही कलत नव्हती. रासो बाजेबरोबर चालत सतत बोलत होती, "बाई, झोपायचं नाही. बाई, तीन-पंचमांश म्हणजे किती? सांगा ना बाई." आणि मेणकापडाखालून, खूप वेळाने, बारीक आवाज आला, "पाचातले तीन. कितीदा सांगू?"

त्या क्षणी उत्तरा रडली.

आरोग्यकेंद्रात ग्लुकोज लागलं आणि दुपार टळायच्या आत शकुंतलाबाई माणसात आल्या. चार दिवसांनी त्या उशीला टेकून पेज पीत असताना उत्तरा त्यांना म्हणाली, "पूर ओसरला की आपण जायचं. फोटो गेला खड्ड्यात."

शकुंतलाबाईंनी वाटी खाली ठेवली. "तुले राहायचं नसेल तर तसं म्हण. पण माझ्या तापाच्या नावावर बिल फाडू नको."

"आई, तुम्ही गेला असता!"

"गेले नाही ना? ज्यांनी डोंगरावरून उचलून आणलं त्यांना काय सांगू? बरं वाटलं, येते आता?" त्यांनी सुनेचा हात धरला. हाताला अजून ताकद नव्हती. "घाबरलीस काय गं?"

"खूप."

"मीही," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पण तू पाय दाबत होतीस ते कळत होतं मला. चल, ती पेज दे. थंड झाली की घशाखाली उतरत नाही."

सप्टेंबरच्या अखेरीस दुसरा फोटो पुरा झाला. उत्तराने दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवले आणि वजाबाकी केली. काळी सावली वजा होऊन नाहीशी झाली. धातू जिथल्या तिथं होता. उरलं ते लख्ख होतं. धातूच्या दगडाच्या वर, भेगाभेगांत, पाणी भरलेलं होतं. ती बराच वेळ बघत राहिली तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की ते पाणी धातूच्या वर नुसतं साठलेलं नाही. धातूने ते धरून ठेवलेलं आहे. तो दगड पाणी झिरपू न देणारा आणि परातीसारखा खोलगट होता. पावसाळाभर परात भरायची आणि वर्षभर कडांवरून थोडीथोडी पाझरायची. इरपागुंड्याचा झरा ही त्यातली एक कड. अशा आणखी तीन दिसत होत्या, तिन्ही दुसऱ्या गावांच्या दिशेला.

धातू काढायचा म्हणजे परातीचं बूडच काढून घ्यायचं.

ताम्हाणे पूर ओसरल्यावर स्वतः आले. त्यांनी वजाबाकी तीनदा तपासली. चूक काढायची त्यांनी मनापासून खटपट केली, आणि नाही निघाली तेव्हा चष्मा पुसत बसले. "परिशिष्टात घाल," ते शेवटी म्हणाले. "मागच्या पानांवर. खोटं नाही बोलायचं. फक्त मागं."

"सारांशात परिशिष्ट जात नाही, सर. गावापुढे जातो तो सारांश."

"मला माहीत आहे."

"दोन्ही फोटो पहिल्या पानावर, शेजारी शेजारी घालते. आणि ग्रामसभेत मी वाचून दाखवते. तुमची सही नसली तरी चालेल."

ताम्हाण्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराशी तांदूळ निवडणाऱ्या शकुंतलाबाईंकडे. त्या मान खाली घालून होत्या, पण तांदूळ कधीच निवडून झाले होते. "सही करतो," ते म्हणाले. "वजाबाकी बरोबर आहे, मी काय करू?"

ग्रामसभा मोहाखाली भरली. चारही गावांतून माणसं आली. दोन झाडांमध्ये पांढरी चादर बांधून उत्तराने फोटो दाखवले. रासो माडियात सांगत गेली. उत्तराने काही झाकलं नाही. धातू किती आहे, देशाला त्याची किती गरज आहे, गावाचा वाटा किती निघेल, तेही सांगितलं. पाण्याचं सांगितलं. आणि हेही सांगितलं, की या दगडाला हवा लागली की त्यावरून वाहणारं पाणी आंबट होतं, माशांना चालत नाही.

मग जो गोंधळ उडाला तो दुपारभर चालला. एक जण उठून म्हणाला, "माझे दोन्ही भाऊ दरवर्षी मिरची तोडायला आंध्र-तेलंगणात जातात. इथं काम निघालं तर कशाला जातील?" एक म्हातारी म्हणाली, ती घागर घेऊन नदीपर्यंत जायची नाही. कुणी म्हणालं, नळ देतील. कुणी म्हणालं, शेजारच्या तालुक्यातही नळ दिले होते, त्यांतून काय येतं ते जाऊन बघा. खाण आली तर रस्ता येईल, म्हणून रासो स्वतः खाणीच्या बाजूने बोलली. "बाईंना आपण खांद्यावर नेलं. दरवर्षी कुणाला तरी नेतो. सगळेच पोचत नाहीत. मला रस्ता पाहिजे, दवाखाना पाहिजे." मग ती उत्तराकडे वळली. "कड तशीच ठेवून बुडातलं थोडं काढता येईल?"

सगळ्या माना उत्तराकडे वळल्या. हो म्हणणं सोपं होतं, नाही म्हणणंही.

"माहीत नाही," ती म्हणाली. "दोन फोटोंवरून कळणार नाही. पाच-सहा वर्षं दर मोसमाला फोटो घेतले, तर पाणी कुठून कसं फिरतं ते कळेल. मग सांगता येईल. तेव्हाही उत्तर 'नाही' असू शकेल."

उन्हं कलायच्या सुमारास ठराव झाला. संमती नाही, नकारही नाही. पट्ट्या राहतील, मोजणी चालू राहील, प्रत्येक फोटो आधी इथं झाडाखाली दिसेल. रस्ता आणि दवाखाना यांचा धातूशी संबंध नाही. ते सरकारकडे वेगळे मागायचे, आणि त्या अर्जावर चारही गावांचे अंगठे-सह्या पडतील. ताम्हाण्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. कंपनीला तो ठराव गोड लागला नाही. पण ग्रामसभेच्या संमतीशिवाय खाणीचा लिलाव होत नव्हता, आणि पट्ट्या तिथं ठेवायला फारसं काही लागत नव्हतं.

"लागतं एक माणूस," ताम्हाणे म्हणाले. "सौरपट्ट्या पुसायला, आकडे रोज पाठवायला, काही बिघडलं तर कळवायला. इथं राहायला कोण तयार होणार?"

"मी," शकुंतलाबाई म्हणाल्या.

उत्तराने तिथंच भांडण काढलं. तिने हिवतापाची आठवण दिली, वयाची दिली. प्रसन्नला फोन लावून दिला, तो आईशी बोलला आणि पुन्हा उत्तराला म्हणाला, "मी सांगितलं होतं ना?" आशाताईने रोज साखर तपासायचं कबूल केलं. रासोने सांगितलं की पुढच्या पावसाळ्याच्या आधी ती बाईंना स्वतः नदीपार पोचवेल. शकुंतलाबाईंचं म्हणणं एकच होतं, "अकोटच्या घरात मला फक्त खिडकी आहे. इथं अकरा मुली आहेत, त्यांना अजून दशांश यायचाय."

निघायच्या सकाळी सगळं गाव जीपपाशी जमलं. शकुंतलाबाई आघाडीवर. त्यांनी उत्तराच्या पदरात मोहाच्या लाडवांचा डबा बांधला, प्रसन्नला तेलकट देऊ नको म्हणून बजावलं, झोप पुरी घे म्हणाल्या. उत्तरा वाकून पाया पडली ती उठेचना.

"आता हे काय? उठ, गाडी चालू आहे."

"तुम्ही फोन करा. रोज."

"आकडे पाठवायचे आहेत, करावाच लागेल." मग त्यांनी सुनेला उठवून उराशी धरलं आणि धरून ठेवलं. रासो पलीकडे तोंड करून उभी राहिली.

जीप हलली. वळणापर्यंत उत्तरा मागे वळून हात हलवत होती. बायकांच्या घोळक्यात बूट घातलेली एक साडी शेवटपर्यंत ओळखू येत होती, मग तीही झाडांत मिसळून गेली.

जागा गेली होती, तरी उरलेली रजा उत्तरा प्रसन्नकडे काढणार होती; दोन दिवसांनी चेन्नईच्या स्टेशनवर तो उभा होता. त्याने तिची बॅग घेतली, तिच्याकडे पाहून हसला, आणि सवयीने तिच्या मागे, डब्याच्या दाराकडे पाहिलं.

"आई?"

सगळं माहीत असूनही त्याने विचारलंच.

"माहेरी राहिल्यात," उत्तरा म्हणाली.